एका घरातील बिनतारी गर्दी

मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीतील दोन शयनगृहांचे घर डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत आजी-आजोबा, दुसऱ्या खोलीत मुलगा आणि सून, आणि दिवाणखान्यात अभ्यास करणारी दहावीतील नात. आता या घरात किती ‘रेडिओ केंद्रे’ आहेत ते मोजू या. पाच माणसांचे पाच मोबाइल. तिघांकडे इअरबड्सची एकेक जोडी, म्हणजे सहा. दोन लॅपटॉप, एक टीव्ही, एक स्मार्ट स्पीकर आणि या सर्वांना इंटरनेट पुरवणारा एक राउटर. एकूण सोळा झाली. यातील प्रत्येक उपकरण लहरी सोडते आणि लहरी पकडतेही. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे अशीच सोळा, वरच्या मजल्यावर सोळा, खालच्या मजल्यावर सोळा.

मरोळमध्ये आणखी एक प्रकारचे घर आहे. येथील औद्योगिक वसाहतीत आणि शेजारच्या सीप्झमध्ये नोकरीला येणारी तरुण मंडळी तिघे-चौघे मिळून एक घर भाड्याने घेतात. सीप्झ या नावातला ‘ई’ इलेक्ट्रॉनिक्सचा. १९७३ साली हे निर्यातक्षेत्र सुरू झाले ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीच. आज त्याच परिसरातल्या प्रत्येक घरात इलेक्ट्रॉनिक वस्तू खच्चून भरल्या आहेत.

अशा घरांतील तक्रारी ठरलेल्या असतात. आजोबांच्या कानातले कीर्तन मध्येच तुटते. नातीच्या ऑनलाइन तासाचा आवाज तिला ऐकू येण्याऐवजी बाबांच्या कानात वाजतो. टीव्हीवरच्या मालिकेत कोणी काही बोलले की स्पीकर मधेच उत्तर देतो आणि आजीने हाक मारली तर गप्प बसतो. यावर घरोघरी एकच निदान होते, ‘वस्तू खराब निघाली, दुसरी घ्या.’ नवी वस्तू येते आणि आठ दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

पुष्कळदा दोष वस्तूत नसतो. एकाच जागेत अनेकांनी एकच गोष्ट वापरल्याने ती अडचण निर्माण झालेली असते. ती कशी ओळखावी, आणि ओळखण्याची रीत विद्यार्थ्यांना विज्ञानाची पद्धत म्हणून कशी शिकवता येईल, ते या लेखात पाहू.

परवान्याशिवायचा पट्टा

मुंबईचे नियमित नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक दशके आपल्याकडे रेडिओ नुसता ऐकायलाही परवाना लागे. टपाल कार्यालयात दरवर्षी फी भरून पुस्तकावर शिक्का मारून घेतल्याचे जुन्या पिढीला आठवत असेल. हा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. लहरी सोडण्याच्या बाबतीत मात्र सरकारचे नियंत्रण राहिले. ते आवश्यकही आहे, कारण विमानतळ, पोलीस, जहाजे आणि नभोवाणी यांनी एकाच वारंवारतेवर बोलायचे ठरवले तर कोणाचेच बोलणे कोणाला कळणार नाही.

याला एक अपवाद आहे. उद्योगधंदे, विज्ञान आणि वैद्यकीय उपचार यांत लहरींचा उपयोग उष्णता देण्यासाठी होतो. अशा उपकरणांतून लहरी थोड्याफार बाहेर सांडणारच. म्हणून १९४७ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे या कामासाठी बाजूला काढले गेले. त्यातील एक २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच वारंवारतेवर चालतो. संदेशवहनाच्या दृष्टीने हा पट्टा म्हणजे गावाबाहेरची पडीक जमीन होती. पुढे १९८५ साली अमेरिकेने या जमिनीवर कमी शक्तीच्या संदेशवहनाला परवान्याशिवाय मोकळीक दिली. भारतात जानेवारी २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. आपले वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचा संसार मुख्यतः या ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्टीवर चालतो.

ही मोकळीक तीन अटींवर मिळालेली आहे. पहिली अट, दुसऱ्याला अडथळा आणायचा नाही. दुसरी, आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही. तिसरी, पट्टा सर्वांनी वाटून वापरायचा, कोणाचीही त्यावर मालकी नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या राउटरमुळे आपले कीर्तन तुटले तर त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही. उपाय आपल्यालाच शोधावा लागतो.

जागा किती आणि दावेदार किती

वाय-फायचे संदेश या पट्ट्यात साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद जागा घेतात. भारतात त्यासाठी १ ते १३ अशा क्रमांकांच्या मार्गिका आहेत. तेरा म्हटल्यावर पुष्कळ वाटतात, पण त्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात. त्यामुळे शेजारच्या मार्गिका एकमेकींवर चढतात. एकमेकींना न शिवणाऱ्या तीनच निवडता येतात, सहसा १, ६ आणि ११. आपल्या मोबाइलवर वाय-फायची यादी उघडा. मरोळसारख्या दाट वस्तीत पंधरा-वीस नावे दिसली तर नवल नाही. तेवढे सारे राउटर या तीन मार्गिकांत दाटीवाटीने बसलेले असतात.

ब्लूटूथने वेगळी युक्ती योजली आहे. त्याने या पट्ट्याच्या एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ बारीक वाटा केल्या. बोलणारी दोन उपकरणे एका वाटेवर थांबत नाहीत. ती सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारत वाट बदलतात. कोणत्या क्रमाने उडी मारायची हे दोघांनी आधीच ठरवलेले असते. एखादी वाट अडलेली असली तर तेवढा एक तुकडा वाया जातो, तो पुढच्या उडीत पुन्हा पाठवता येतो. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. चित्रपट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत अशाच एका योजनेचे पेटंट मिळाले होते. पाणतीराला दिलेली आज्ञा शत्रूला अडवता येऊ नये म्हणून ८८ वारंवारतांवर उड्या मारायच्या, पियानोला पट्ट्या असतात तेवढ्या. ब्लूटूथचे काम स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्टसेन यांनी सुरू केले. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅरल्ड याच्या टोपणनावावरून त्याला नाव मिळाले.

२००३ पासून ब्लूटूथ आणखी शहाणे झाले. ज्या वाटांवर वारंवार अडथळा होतो त्या वगळून उरलेल्या वाटांवर उड्या मारायला ते शिकले. मात्र १, ६ आणि ११ या तिन्ही वाय-फाय मार्गिका भरलेल्या असतील तर ७९ पैकी जेमतेम १५-२० वाटा मोकळ्या राहतात. घरातील तीन जोड्या आणि शेजाऱ्यांच्या जोड्या तेवढ्यावरच उड्या मारू लागल्या की टक्कर अटळ असते.

मग गाणे सतत का तुटत नाही? इअरबड्समध्ये आवाजाचा थोडा साठा केलेला असतो. एखाद-दुसरा तुकडा उशिरा आला तरी साठ्यातून आवाज चालू राहतो. साठा संपेपर्यंत नवा तुकडा आला नाही तर आवाज तुटतो. साठा मोठा ठेवला तर तुटणे कमी होते, पण आवाज उशिरा पोहोचतो. खेळांसाठी इअरबड्समध्ये जी ‘गेम’ सोय असते ती हा साठा कमी करते. म्हणून ती चालू ठेवून गाणी ऐकणाऱ्याला तुटण्याचा त्रास जास्त होतो.

भिंत, पाणी आणि माणूस

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात भिंतींच्या पलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंतीतून जातात हे तेव्हाच सिद्ध झाले. पण किती जातात हे भिंतीवर आणि लहरीवर अवलंबून असते. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर भरते. विटांच्या भिंतीतून ती बऱ्यापैकी पार होते, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमधून कमी, आणि लोखंडी कपाट किंवा पारा लावलेल्या मोठ्या आरशावरून ती परत फिरते. राउटर कपाटामागे लपवला, तर दिसायला घर नीटनेटके वाटते पण पलीकडची खोली लहरींच्या सावलीत जाते.

पाण्याचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. पाण्यात या लहरींची ऊर्जा सुमारे दोन सेंटिमीटरमध्येच बरीचशी शोषली जाते. (ही पाण्याच्या रेणूची ‘खास’ वारंवारता आहे असा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. पाणी याहून कमी आणि जास्त अशा विस्तृत वारंवारतांच्या लहरी शोषते.) आपल्या शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. त्यामुळे मोबाइल पँटच्या मागच्या डाव्या खिशात आणि ऐकणारे इअरबड उजव्या कानात असेल तर मध्ये पाण्याने भरलेली एक भिंत उभी राहते. ती आपण स्वतःच. घरात असताना भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी वळसा घालून कानापर्यंत येतात. मोकळ्या मैदानावर परावर्तन कमी, म्हणून तेथे कधीकधी घरापेक्षा जास्त तुटते. रस्त्याने चालताना आवाज तुटत असेल तर मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून पाहावा. हा बिनखर्चाचा उपाय पुष्कळांना पुरतो.

स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत सातशे-हजार वॅट शक्तीच्या लहरी असतात. इअरबड्सची शक्ती वॅटच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. ओव्हनमधून बाहेर येणाऱ्या लहरी आरोग्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत असल्या, तरी एवढ्या क्षीण संदेशाला त्या भारी पडतात. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या साध्या ओव्हनमध्ये आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या साधारण अर्ध्या भागातच लहरी निघतात. म्हणजे १० मिलिसेकंद गोंगाट आणि १० मिलिसेकंद शांतता. ब्लूटूथची एक उडी ०.६२५ मिलिसेकंदांची. त्या शांततेत किती उड्या मावतील? विद्यार्थ्यांनी भागाकार करावा. उत्तर १६ येते. म्हणूनच ओव्हन चालू असतानाही बहुधा गाणे पूर्णपणे बंद पडत नाही, अडखळत चालते.

आणखी एक छुपा गोंगाट आहे. जलद यूएसबी जोडणीच्या बाहेरच्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या स्वस्त तारा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत-गोंगाट सोडतात. लॅपटॉपला अशी डिस्क जोडली की बिनतारी माउस किंवा इअरबड्स अडखळतात. डिस्क हातभर लांब ठेवली की काम भागते.

दोष शोधण्याची रीत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बिघाड झाल्यावर आपण घाईघाईने एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतो. मोबाइल बंद-चालू करतो, राउटर हलवतो, इअरबड्स पुन्हा जोडतो. त्रास गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि उद्या तो परत आला की पुन्हा श्रीगणेशा. प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सारे तसेच ठेवावे आणि निष्कर्ष लिहून ठेवावा.

पहिली कसोटी. मोबाइलमध्ये आधीच साठवलेले एक गाणे घ्या, मोबाइलचे वाय-फाय व इंटरनेट बंद करा आणि मोबाइल हातभर अंतरावर समोर धरून ऐका. गाणे नीट वाजले तर इअरबड्स आणि ब्लूटूथ ठीक आहेत, दोष इंटरनेटकडे किंवा गर्दीकडे आहे. याही स्थितीत तुटले तर पुढे जा.

दुसरी कसोटी. तेच गाणे, तेच इअरबड्स, तीच जागा, पण मोबाइल दुसऱ्याचा. आता ठीक वाजले तर पहिल्या मोबाइलकडे पाहावे.

तिसरी कसोटी. तोच मोबाइल आणि तेच इअरबड्स, पण जागा दुसरी. जिना, गच्ची किंवा सोसायटीचे अंगण. तेथे ठीक चालले तर घरातील गर्दी हेच कारण.

चौथी कसोटी. मोबाइल आणि जागा तीच, इअरबड्स दुसऱ्याचे. हे चालले आणि पहिले चालले नाहीत, तेव्हाच पहिल्या इअरबड्सना दोष द्यावा.

तक्रारीचे स्वरूपही बरेच सांगून जाते. आवाज तुटतो, अडखळतो, पण वाजतो तेव्हा खणखणीत असतो, अशा वेळी कारण लहरींचे. एका कानाचा आवाज सतत क्षीण असेल तर लहरींचा संबंध नाही. बहुतेक वेळा जाळीत कानातील मळ अडकलेला असतो, तो कोरड्या मऊ ब्रशने काढावा. ठरावीक वेळाने एकच बाजू बंद पडते तेव्हा विजेरी तपासावी. आणि एक बाजू डबीत ठेवूनही चार्ज होत नसेल तर धातूचे ठिपके पाहावेत. मुंबईच्या दमट हवेत घामातील क्षार त्यांवर साचतात आणि चार्ज होताना वाहणाऱ्या विजेमुळे धातू गंजतो. कोरड्या कापसाने ते पुसून काढावेत आणि घामट इअरबड्स पुसल्याशिवाय डबीत ठेवू नयेत.

कारण गर्दीचे ठरले तर सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे जड वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवणे. आजचे बहुतेक राउटर ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरतात. तेथे जागा कितीतरी जास्त आहे आणि ब्लूटूथ तेथे नसते. मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर नेले की २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इअरबड्ससाठी सैल होतो. याचे दुसरेही कारण आहे. अनेक मोबाइलमध्ये २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय आणि ब्लूटूथ आळीपाळीने एकच अँटेना वापरतात. वाय-फायवर मोठा चित्रपट उतरत असताना ब्लूटूथला पाळी कमी मिळते.

५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत जास्त क्षीण होतात, हा तोटा लक्षात ठेवावा. शिवाय या पट्ट्याचा काही भाग रडारशी वाटून घेतलेला आहे. हवामान खात्याचे सी-पट्ट्यातील डॉप्लर रडार जानेवारी २०२२ मध्ये अंधेरी पूर्वेकडील वेरावली येथे सुरू झाले, मरोळपासून काही किलोमीटरवर. अशी रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. सामायिक भागातील राउटर आधी कान देऊन ऐकतो आणि रडारची चाहूल लागली की मार्गिका सोडून देतो. त्या वेळी घरातील वाय-फाय काही क्षण तुटते. असे वारंवार होत असेल तर राउटरमध्ये ३६ ते ४८ यांपैकी मार्गिका निवडावी, तेथे ही अट येत नाही.

जोडी कोणाशी?

नातीचा तास बाबांच्या कानात का वाजला? तिच्या मोबाइलशी बाबांचे इअरबड्स पूर्वी कधीतरी जोडले होते, म्हणून. पहिल्यांदा जोडताना दोन्ही उपकरणे एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती स्मरणात ठेवतात. डबी उघडली की इअरबड्स ओळखीच्या मोबाइलचा शोध घेतात, आणि जो आधी सापडेल, सहसा शेवटी जोडलेला, त्याच्याशी जुळतात. मालक कोण हे त्यांना माहीत नसते. एकाच वेळी दोन मोबाइलशी जुळणारे इअरबड्स असतील तर गोंधळ दुप्पट होतो.

उपाय तीन आहेत. ज्याची वस्तू नाही त्याच्या मोबाइलच्या यादीतून ती काढून टाकावी, नुसते ‘तोडणे’ पुरत नाही. प्रत्येक जोडीला ‘आजोबा’, ‘आई’ असे स्पष्ट नाव द्यावे, कारण एकाच कंपनीच्या दोन जोड्या यादीत सारख्याच दिसतात. आणि कोणाला उसनी दिली तर परत घेताना ती यादीतून काढल्याची खात्री करावी. इतके करूनही गुंता सुटला नाही तर सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे साऱ्या जुन्या ओळखी पुसून पहिल्यापासून जोडावे.

ऐकणारी पेटी

स्मार्ट स्पीकरचे मुख्य काम ऐकणे. त्याच्या आत अनेक मायक्रोफोन ठरावीक अंतरावर बसवलेले असतात. आवाज एकाकडे आधी आणि दुसऱ्याकडे किंचित उशिरा पोहोचतो. मायक्रोफोन ७ सेंटिमीटर दूर असतील आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर हा फरक जास्तीत जास्त ०.२ मिलिसेकंद येतो. एवढ्यावरून यंत्र आवाजाची दिशा ओळखते. स्वतःच्या गाण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत येतो, तो ते वजा करते. उरलेल्या आवाजात ठरलेली हाक आहे का, एवढेच ते घरच्या घरी तपासत असते. हाक ओळखू आली असे त्याला वाटले, की पुढचे बोलणे सामान्यतः इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि उत्तर तेथून येते.

‘असे वाटले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हाक ओळखणे हा अंदाज असतो. हाकेसारखा दुसरा शब्द टीव्हीवर उच्चारला गेला तरी पेटी जागी होते. आता जागेचा विचार करा. स्पीकर टीव्हीपासून अर्ध्या मीटरवर आणि आजी तीन मीटरवर बसली आहे. अंतर सहापट, आणि ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे दोघांचा आवाज मुळात सारखा असला तरी पेटीला टीव्हीचा आवाज आजीच्या ३६ पट तीव्र ऐकू येतो. (बंद खोलीत भिंतींवरून येणाऱ्या आवाजामुळे हा आकडा कमी होईल, दिशा तीच राहील.) पेटी टीव्हीशेजारून उचलून आजीच्या खुर्चीजवळ, भिंतीच्या कोपऱ्यापासून वीतभर दूर आणि पंख्याच्या झोतात येणार नाही अशी ठेवावी. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतील.

‘स्पीकर मोबाइलला सापडत नाही’ ही दुसरी तक्रार. येथे प्रथम पाहावे की दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत का. भाडेकरू मित्रमंडळींच्या घरात राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवलेले असते. त्या नावावरील उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम अलग ठेवतात. स्पीकर एका नावावर आणि मोबाइल दुसऱ्यावर असेल तर दोघांची भेट होत नाही. वीज जाऊन आल्यावरही असाच प्रकार घडतो. राउटर सावरायला दोन-तीन मिनिटे लागतात, तोवर स्पीकर प्रयत्न सोडून देतो. आधी राउटर सुरू होऊ द्यावा, मग स्पीकरचे बटण लावावे.

तिसरी गोष्ट यंत्राच्या दुरुस्तीत बसत नाही. पेटी ज्याच्या खात्यावर नोंदलेली असते, त्याला झालेली संभाषणे अनेकदा पाहता व ऐकता येतात. चुकून जागी झालेली पेटी घरातल्या इतरांचे, पाहुण्यांचे, कामाला येणाऱ्या मावशींचे बोलणेही टिपू शकते. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. त्यामुळे एका घरातील माणसांनी हा प्रश्न आपापसात बसूनच सोडवायला हवा. खाते कोणाचे, साठवलेली बोलणी किती दिवसांनी पुसायची, मायक्रोफोन बंद करण्याचे बटण केव्हा दाबायचे, शयनगृहात पेटी असावी की नाही, हे सर्वांसमक्ष ठरवावे. पेटी ऐकते आहे हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणे हे किमान सौजन्य आहे.

वर्गात करून पाहा

पुढील प्रयोगांना एक मोबाइल, एक ब्लूटूथ स्पीकर आणि घरातील भांडी पुरतात. गाणे मोबाइलमध्ये साठवलेले असावे.

१. गाणे चालू असलेला मोबाइल स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. स्पीकर दूर नेत जा आणि कोणत्या अंतरावर गाणे तुटते ते मोजा. झाकण किंचित उघडून पुन्हा मोजा. लहरी धातूतून जात नाहीत, फटीतून निसटतात, हे दिसेल.

२. डब्याऐवजी प्लॅस्टिकचा डबा घ्या. नंतर मोबाइल आणि स्पीकर यांच्यामध्ये पाण्याने भरलेला वीस लिटरचा जार ठेवा, मग पाच विद्यार्थी रांगेत उभे करा. दर वेळी अंतर मोजून तक्ता करा. हाच प्रयोग मैदानावर करा आणि दोन तक्ते ताडून पाहा.

३. मोबाइलवर टाळी वाजवण्याचे चित्रण लावा आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर ऐका. चित्र आणि आवाज यांत अंतर जाणवले तर ते किती असेल याचा अंदाज करा. आवाज ०.२ सेकंद उशिरा आला, तर टाळी वाजवणारा माणूस ६८ मीटर दूर उभा असल्यासारखे ते झाले. हे गणित विद्यार्थ्यांकडून करवून घ्या.

प्रत्येक प्रयोग निदान तीनदा करावा. या पट्ट्यातील गर्दी क्षणोक्षणी बदलत असल्याने तिन्ही वाचने सारखी येणार नाहीत. ती का येत नाहीत, ही चर्चा प्रयोगाइतकीच मोलाची आहे.

शेवटी एक सूचना. चारही कसोट्यांनंतर इअरबड्स खरोखरच निकामी ठरले, तर ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. त्यांत लिथियमच्या छोट्या विजेऱ्या असतात, त्या चेपल्या गेल्या तर पेट घेऊ शकतात. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशा वस्तू परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून त्या ई-कचरा संकलन केंद्रातच द्याव्यात. मात्र त्याआधी कसोट्यांचा कागद पुन्हा एकदा वाचावा. अडथळा आणू नये, संरक्षण मागू नये, वाटून वापरावे, या ज्या तीन अटींवर आपल्याला हा पट्टा मिळाला, त्या पाळून घरातील सोळा उपकरणांची नीट मांडणी केली, तर कित्येक ‘निकामी’ वस्तू पुन्हा कामाला लागतात.